दुपारचं एक युनिट

विजेवरची गाडी विकायला काढली, की गिऱ्हाईक रंग बघत नाही, टायर बघत नाही. बैलाचे दात बघावेत तशी आधी बॅटरी बघतं. मेहकरचे हिंमतराव मास्तर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनीही तेच केलं. अमडापूरच्या माझ्या अंगणात, टिनाच्या शेडखाली उभ्या गाडीत बसले आणि पडद्यावरचा प्रत्येक आकडा मोबाईलमध्ये टिपून घेतला.

"किसनभाऊ, तीन वर्सं वापरलेली गाडी अन् एवढा भाव? पेट्रोलची असती तं डोये झाकून घेतली असती. याची बॅटरी बसली तं मी काय करू, सांगा बरं?"

"बसत नाही," मी म्हणालो. "चौतीस वर्षं लाईनमन होतो मास्तर. करंट मले नका शिकवू."

माझा तोंडाचा पट्टा असाच आहे. जयमाला म्हणायची, तुमच्या तोंडालाही फ्यूज बसवायला पाहिजे होता. जयमाला माझी बायको. तिला जाऊन तेव्हा महिना झाला होता.

गाडी घेतली ती तिच्यासाठीच. तिची फुप्फुसं हळूहळू आकसत चालली होती. दर पंधरा दिवसांनी बुलढाण्याला डॉक्टरकडे जावं लागायचं, आणि एसटीत डिझेलच्या वासानं तिला खोकल्याची अशी उबळ यायची की अख्खी गाडी मागे वळून बघायची. रिटायरमेंटचा पैसा आला होता. घेतली. गावानं थट्टा केली, 'जलमभर करंट वाटला, आता करंटवरच बसले किसनभाऊ!' म्हटलं, हसा लेको.

पुढं तिला घरी ऑक्सिजनची मशीन लागली, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी लाईट जाते. तेव्हा कळलं की ही गाडी वीज घेते तशी देतेही. चार्जिंगच्या तोंडाला एक अडॅप्टर लावायचा, की घरातल्यासारखा प्लग मिळतो. मी तिथून वायर ओढून तिच्या खोलीत आणली आणि खाटेवरून हात पोचेल अशा बेतानं एक लहान बोर्ड ठोकला. त्यात एक दांडा. वर असला की खांबावरची वीज, खाली ओढला की गाडीची. जयमालानं नेलपॉलिशनं वर 'खांब' आणि खाली 'गाडी' असं लिहून ठेवलं. लाईट गेली की ती निजल्या निजल्या दांडा खाली ओढायची, मशीन एक शिटी द्यायची आणि पुन्हा सुरू व्हायची. फुस्स. मग थोडं थांबून, फुस्स.

हिशोब अगदी सोपा होता. बॅटरी तीस युनिटची. मशीन साडेतीनशे वॅटची. दोन ते पाच लाईट गेली तर एक युनिट खर्च, म्हणजे गाडीच्या पडद्यावर तीन टक्के उतरले. तिला भारी गंमत वाटायची. संध्याकाळी विचारायची, "आज मी किती टक्के खाल्ले हो?"

ती गेली. मशीन चिखलीच्या एका ट्रस्टची होती, ती परत नेऊन दिली. अडॅप्टर काढून खिळ्याला टांगला. पुण्याहून मुलीचा, प्रेरणाचा, रोज फोन. "बाबा, गाडी विका, घराला कुलूप लावा आणि इकडे या. एकटे काय करता तिथे?" खरं होतं तिचं. घरात बोलायला म्हणाल तर मी आणि फ्रीज.

हिंमतराव मास्तर गेल्यावर मला पहिल्यांदा लक्षात आलं. ते आले तेव्हा गाडी ऐंशी टक्के होती. फेरी मारून आणली तेव्हा अठ्ठ्याहत्तर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर पंचाहत्तर. गाडी जागची हललेली नव्हती.

उभ्या गाडीची बॅटरी थोडी उतरते, मला ठाऊक आहे. पण तीन टक्के उतरायला महिना लागतो, एक दुपार नाही. पुढचे आठ दिवस मी दोन वाजता आणि पाच वाजता आकडा बघत गेलो. ज्या दुपारी लाईट गेली नाही, त्या दुपारी आकडा तसाच. ज्या दुपारी गेली, त्या दुपारी तीन टक्के गायब. एकदा लाईट चारलाच आली. त्या दिवशी दोनच टक्के गेले.

चिखलीहून ओळखीचा मेकॅनिक बोलावला. त्यानं लॅपटॉप लावला, तासभर घाम गाळला आणि म्हणाला, "काका, गाडी एकदम टकाटक आहे. तुमी चालवत असान, इसरून जात असान." मी त्याला चहा न देताच वाटेला लावलं.

मग मीच टाँग टेस्टर काढला. वायरीभोवती त्याचा चिमटा धरला की आतून किती करंट जातो ते दिसतं. लाईट गेलेली, गाडी बंद, अडॅप्टर खिळ्याला. गाडीकडून खोलीत जाणाऱ्या त्या मोकळ्या वायरीभोवती चिमटा धरला. दीड अँपिअर. वायरीचं एक टोक हवेत लोंबत होतं आणि दुसऱ्या टोकाला मशीन नव्हती. सेल बदलला. दुसऱ्याचा टेस्टर आणला. दीड. साडेतीनशे वॅटची मशीन तेवढाच खाते.

खोलीत गेलो तर दांडा खाली होता. 'गाडी'कडे. मी वर केला. दुसऱ्या दिवशी लाईट गेल्यावर बघितलं, पुन्हा खाली.

त्याच संध्याकाळी शेजारच्या आशाबाई भाजीची वाटी घेऊन आल्या. दारातच थांबल्या.

"भाऊ, मशीन परत आनली काय?"

"नाही. काऊन?"

"काही नाई. दुपारी आवाज येते ना फुसफुस. मले वाटलं, तुमच्यासाठी आनली." वाटी माझ्या हातात देऊन त्या लगेच वळल्या. एरवी अर्धा तास तरी बोलत बसायच्या.

घाबरलो का? खोटं कशाला बोलू, घाबरलो. पण भुताला नाही. भुताला कोण घाबरतं? मी ज्याला घाबरत होतो, ते दुसरंच होतं.

हिंमतराव मास्तरांचा शेवटी फोन आला. भाव ठरला, मंगळवारी कागद आणि पैसे घेऊन येतो म्हणाले. मंगळवारी बरोबर दोन वाजता लाईट गेली. मला काय सुचलं कोण जाणे, मी खोलीत गेलो, बोर्ड उघडला आणि गाडीच्या लाईनवरचा फ्यूज उपटून काढला. अडॅप्टर निघालेला, मशीन गेलेली, त्यात फ्यूज काढून काय होणार, हे मलाही कळत होतं. तरी काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

खिशात टाकला, आणि तिथंच खाली बसलो.

ही लाईनमनची सवय आहे. जोडीदार खांबावर चढला, की खालच्यानं डब्यातला फ्यूज उपटायचा आणि आपल्या खिशात ठेवायचा. पांढऱ्या चिनी मातीचा असतो, आम्ही त्याला किटकॅट म्हणतो. डब्यावर ठेवायचा नाही, कोणाच्या हातात द्यायचा नाही. कोणी येडा येईल आणि बसवून टाकील. माणूस खाली उतरेपर्यंत त्याचा जीव आपल्या खिशात. चौतीस वर्षांत माझ्या हाताखाली एक माणूस दगावला नाही.

ती गेली त्या दिवशीही मी तेच केलं होतं. हेच किटकॅट. त्यातली तार ढिली होती, वापरात आलं की गरम व्हायचं. सकाळी खांबावरची लाईट चालू होती, मशीन तिच्यावर चालली होती, म्हणून म्हटलं आता हे काढून तार बदलावी. काढलं. तेवढ्यात आमचं वावर सांभाळणारा इंद्रभान धावत आला. विहिरीवरचा पंप जळून राहिला होता, भाऊ लवकर या. किटकॅट हाताबरोबर खिशात गेलं. माझ्या नकळत. जयमाला म्हणाली, "जा, मी आहे ना." जसं काही मीच आजारी होतो.

दोनला लाईट गेली. मी आलो अडीचला.

दांडा खाली ओढलेला होता. तिनं ओढला होता. एकदा नाही, वर-खाली कितीतरी वेळा ओढला असणार, कारण तिच्या तळहाताला दांड्याचा वळ उठला होता. मोबाईल उशाशी होता. त्यावर मला सहा फोन. वावरात रेंज नाही.

आणि मी काय केलं? मी आधी खिशातलं किटकॅट काढून बसवलं. मशीननं शिटी दिली, सुरू झाली. नळी तिच्या नाकाला नीट केली. मोबाईलमधले ते सहा फोन पुसले, तिच्यातलेही, माझ्यात मागाहून आलेले मिसकॉलचे मेसेजही. तिचा हात हातात घेतला, तो अजून गरम होता. तो गार होईपर्यंत धरून बसलो. मग आशाबाईंना हाक मारली.

सगळे आले तेव्हा मशीन चालू होती. तेराव्याला प्रेरणा म्हणाली, "मशीन शेवटपर्यंत चालू होती बाबा, एवढंच समाधान." मी मान हलवली.

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. हिंमतराव मास्तर आले होते.

मी चावी त्यांच्या हातात दिली. ते उत्साहानं गाडीत बसले, पडदा सुरू केला. मी बाहेर उभा.

"एकावन्न," ते म्हणाले. मग कागद काढले, चष्मा पुसला, सह्यांच्या जागा दाखवल्या. सासूच्या ऑपरेशनचं सांगितलं. पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि थांबले.

"पन्नास झाली. कायले जोडली हो?"

"कशालाच नाही."

ते खाली उतरले. गाडीभोवती फिरले. खिळ्यावरच्या अडॅप्टरकडे बघितलं. मग मान वाकडी करून घराकडे कान लावला.

"घरात कोन निजलं हाय?"

"कोणी नाही."

"दम लागल्यासारखा आवाज येऊन राह्यला, किसनभाऊ."

मास्तरांनी कागद गोळा केले. चावी गाडीच्या टपावर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. "फोन करतो," म्हणाले आणि फाटक उघडंच टाकून गेले.

मी आत गेलो.

दांडा खाली होता. खाट रिकामी. फुस्स. थोडं थांबून, फुस्स.

"जयमाला," मी म्हणालो, "चुकलं माझं. मी मुद्दाम नाही केलं ग." मोठ्यानं म्हणालो. दीड महिन्यात पहिल्यांदा रडलो.

फोन वाजला. प्रेरणा.

"विकली का गाडी?"

"नाही. विकत नाही. तिला लागते."

पलीकडे तिनं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

"कोणाला लागते, बाबा?"

सांगायचं होतं सगळं. तोंड उघडलंही. पण तेवढ्यात छातीला चटका बसला आणि मी फोन खाली ठेवला.

खिशातलं किटकॅट गरम होतं.

बाहेर काढलं आणि मुठीत धरून खाटेच्या कडेला बसलो. कशालाही न जोडलेलं, चिनी मातीचं, गरम.

पाचला लाईट आली. आशाबाईंकडचा कूलर सुरू झाला. खोलीतला आवाज थांबला. मी मूठ उघडली नाही. किटकॅट आधी बोटांकडे गार पडलं, मग मधे, आणि सगळ्यात शेवटी मनगटाकडे, जसा त्या दुपारी तिचा हात पडला होता.