उराबेंच्या थडग्यावरचा पांढरा कंदील

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी ओरिए कामावर आली नाही. साप्ताहिकाच्या संपादकानं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि तिच्या आईला फोन लावला. मासुयोबाईंना वाटत होतं, लेक ऑफिसात आहे. संपादकाला वाटत होतं, ती आईकडे गेली आहे. ओरिए हरवल्याचं असं कळलं.

ती सव्वीस वर्षांची होती. शनिवारी ती तातेजिमा बेटावर गेली होती, कालवांच्या धंद्याची बातमी करायला. तिची पिवळी गाडी अलीकडच्या, मुख्य किनाऱ्यावरच्या धक्क्यावर कुलूपबंद उभी होती.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर हाझामा बेटावर उतरला. कालवं पिकवणाऱ्यांच्या संस्थेचा अध्यक्ष उराबे गेन्झो त्याला शेडच्या दारातच भेटला. आत या म्हणाला नाही.

"पाहिली की तिला. शनिवारी संध्याकाळच्या बोटीत चढली. मी स्वतः पाहिलं."

"मग तिची गाडी धक्क्यावर कशी राहिली?"

"दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसली असेल. तरुण पोर आहे साहेब. असेल ओसाकात कुणाबरोबर. तिच्या आईला विचारा, लेकीवर लक्ष होतं का."

मागे कालवं फोडणाऱ्या बायका हसल्या. एकटी गेन्झोची म्हातारी आई, इशी, हसली नाही. हाझामा तिच्याकडे वळला तसा गेन्झो मध्ये आला. "तिला ऐकू येत नाही नीट."

बोटीचा तिकीटवाला म्हणाला, संध्याकाळच्या बोटीत चढली. खानावळवालीही तेच म्हणाली, त्याच शब्दांत. हाझामाला ते खटकलं. पण पुरावा काही नव्हता. वरिष्ठांनी फाइल बाजूला ठेवली.

फक्त मासुयोबाई दर सोमवारी फोन करायच्या. "साहेब, जिवंत असेल तर असेल. नसेल तर नसेल. पण मला सांगा. मी दाराला कुलूप न लावता झोपते. किती दिवस झोपू अशी?"

ऑगस्ट आला. ओबोनचे, पितरांचे दिवस आले.

हाझामाची बायको सुमी गेल्या वर्षी जुलैच्या अखेरीस गेली होती. तेव्हा तो गेलेल्या माणसाच्या पहिल्या ओबोनला थडग्यावर लावतात तो पांढरा कंदील आणायला गेला, तर दुकानदारीणबाईनं दिला नाही. "सुतकाचे एकोणपन्नास दिवस पुरे झालेत का? नाहीत ना? मग तुमचा पहिला ओबोन पुढच्या वर्षी. पांढरा तेव्हा न्या." तो रिकाम्या हातानं घरी आला होता. यंदा त्यानं पांढरा आणला, सुमीच्या थडग्यावर लावला, थोडा वेळ उभा राहिला आणि सकाळच्या बोटीनं तातेजिमाला गेला. या दिवसांत बाहेरगावची माणसं बेटावर परत येतात. त्यांतलं कुणी तरी बोलेल, एवढीच त्याची आशा होती.

"आलात परत?" तिकीटवाला म्हणाला. "तुमच्या घरी मेलेलं कुणी नाही वाटतं!"

हाझामा डोंगरावरच्या थडग्यांकडे चढला.

प्रत्येक थडग्याशी बांबूच्या काठ्यांवर लाल, निळे, पिवळे कागदी कंदील रोवलेले होते. प्रत्येकावर लावणाऱ्याचं नाव होतं. उराबेंच्या घराण्याच्या थडग्यामागे, भिंतीला लागून, एक पांढरा होता. त्याच्यावर नाव नव्हतं.

"तिथं काय शोधताय?" गेन्झो पाण्याची बादली घेऊन मागे उभा होता.

"तुमच्या घरी कोण गेलं यंदा?"

"काका. होनोलुलूला असायचे."

"कधी गेले?"

"यंदाच. त्याचाही पंचनामा करायचाय का?"

"कंदिलावर नाव का नाही?"

"आईनं लावला. म्हातारी झालीय. विसरली." त्यानं बादली खाली आदळली. "पितरांसमोर चौकशी करता, लाज नाही वाटत? उतरा खाली."

हाझामा उतरला, तो थेट देवळात गेला. तिथले महाराज अंगण झाडत होते.

"महाराज, गेल्या वर्षभरात बेटावर किती मृत्यू झाले?"

"एकही नाही. बुद्धाची कृपा."

"आणि उराबेंचे काका?"

"ते परदेशात गेले. फोन आला त्याच दिवशी मी त्यांच्या घरी पाठ केला."

"कधी?"

"जुलै संपत आला होता. उकाड्यानं जीव..." महाराजांचा झाडू थांबला.

"मग पांढरा कंदील यंदा कसा, महाराज?"

"लोकांचे कंदील तपासत फिरणं माझं काम नाही."

"नियम तुम्हाला माहीत आहे."

"नियम मला शिकवू नका! कालवांच्या संस्थेच्या पैशावर देवळाचं छप्पर उभं आहे. जा तुम्ही."

हाझामा गेला. सोबत आणलेल्या दोन शिपायांना त्यानं शेडच्या दाराशी उभं केलं. आत गेन्झो, इशी आणि संस्थेची पाच-सहा माणसं जेवायला बसली होती.

"उराबे, काका खरेच वारले. पण जुलैच्या अखेरीस."

"मग?"

"मग त्यांचे एकोणपन्नास दिवस पुरे व्हायचे आहेत. त्यांचा पांढरा कंदील पुढच्या वर्षी लागेल. यंदाचा पांढरा जून संपायच्या आत गेलेल्या माणसाचा आहे. बेटावर तसं कुणी गेलं नाही. मेच्या अखेरीस इथं एकच माणूस हरवलं. तुम्ही सगळे म्हणता ती पळून गेली. पळून गेलेल्या मुलीसाठी पांढरा कंदील कोण लावतं?"

हाझामा गेन्झोच्या समोर जाऊन उभा राहिला.

"ती बोटीत चढलीच नाही. म्हणून तिची गाडी हलली नाही. तिला गेलेली पाहिल्याचं आधी तुम्ही सांगितलंत. बाकीच्यांनी तुमचेच शब्द पाठ केले. आणि आज तो कंदील पाहून तुम्ही काकांना पुढे केलंत. कंदील कुणासाठी आहे हे ठाऊक नसतं, तर खोटं बोलायची गरज काय होती?"

"म्हातारीची चूक ती," गेन्झो म्हणाला. "तिला दिवस-वार कळत नाहीत."

"मला कळतात." इशीनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. तिला ऐकू छान येत होतं.

"आई, गप्प बस."

"तू गप्प बस, मेल्या! तिनं माझ्या हातचा चहा घेतला होता. आजी म्हणाली होती मला. तिला पाणी द्यायला कुणी नाही म्हणून मी लावला. नाव कुठलं लिहू? तिचं लिहिलं तर तू फासावर, आणि माझं लिहायचं मला धैर्य झालं नाही."

पुढचं तिनंच सांगितलं. विषबाधेमुळे सरकारनं पलीकडची खाडी बंद केली होती. गेन्झो तिथली कालवं आणून बेटाची म्हणून विकत होता. ओरिएनं ती उतरवताना फोटो काढले. त्यानं कॅमेरा हिसकावला, तिनं सोडला नाही. त्यानं ढकललं. तिचं डोकं होडीच्या लोखंडी रहाटावर आपटलं. मग कालवांचा तराफा जागी धरणारा सिमेंटचा ठोकळा बांधून, होडी समुद्रात नेऊन त्यानं तिला पाण्यात सोडलं.

"कुठे सोडलं?" हाझामानं विचारलं.

गेन्झो हसला. "समुद्र मोठा आहे साहेब. शोधा."

"तिची आई वाट पाहतेय."

"पाहू दे. तिच्या पोरीनं माझं घर बुडवलं."

हाझामानं त्याला बेड्या घातल्या. तिकीटवाल्यानं बोटीवर त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो आता सांगत होता की त्यानं त्या संध्याकाळी कुणालाच पाहिलं नव्हतं.

मासुयोबाईंना हाझामानं घरी जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुठे आहे ती?"

इशीला जागा माहीत नाही. गेन्झो सांगत नाही. पाणबुडे बेटाभोवती दोनदा उतरले, पण प्रवाह जोराचा आहे. ओरिए अजून सापडलेली नाही.