मधला तुकडा

२००४च्या मे महिन्यात मी केशोरीच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. वरातीत वाजवणारी बाई बघून लोक हसायचे. मी हसणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहायचे आणि तिथंच वाजवायचे.

देवरीला दुपारी चार वाजता वरात निघाली. डांबर चपलेला चिकटत होतं. नवरदेवानं एका जुन्या हिंदी सिनेमातलं रॉक अँड रोल गाणं मागितलं. त्यात मध्येच गायक थांबतो, आणि ट्रम्पेट अन् क्लॅरिनेट जुन्या जॅझच्या ढंगात एकमेकांत गुंतत जातात. कॅसेट झिजेस्तोवर ऐकून मी तो तुकडा बसवला होता.

आमचे बँडमास्तर शालीकराम म्हणाले, "ते नाही वाजवाचं."

"काऊन, काका?"

"मधात कोणी दुसराच वाजवते. केवलराम भेऊन थांबला होता. मंग त्याच्या क्लॅरिनेटातून कधी सूरच नाही निंगाला."

केवलराम माझ्याआधी या बँडमध्ये होता. आता तो राइस मिलमध्ये पोती शिवतो.

"तो थांबला. मी नाही थांबत," मी म्हटलं आणि सुरुवात केली.

पोरं नाचायला लागली. मधला तुकडा आला. आमच्या भैय्यालालच्या ट्रम्पेटवरून मी सूर वर चढवला, तेवढ्यात मागून दुसरी क्लॅरिनेट ऐकू आली. माझ्यापेक्षा गोल, संथ. जी जागा घ्यायचं माझ्या मनात येई, ती तिनं आधीच घेतलेली असे.

भैय्यालालनं ट्रम्पेट खाली केलं. ढोल थांबला. नाचणारे थांबले. मागे नुसता रिकामा रस्ता.

"थांब, बाई! थांब!" शालीकरामकाका ओरडले.

मी वळले आणि त्या सुराच्या दिशेनं वाजवत चालू लागले.

तो सूर चढला. मीही चढले.

कॅसेटमधलं सगळं त्यानं माझ्याआधीच वाजवून टाकलं. मग मी कधी न शिकलेलं वाजवलं.

तो अडखळला.

मी आणखी एक पाऊल टाकलं.

रस्ता गप्प झाला. भैय्यालालनं ट्रम्पेट उचललं, आणि आम्ही गाणं शेवटापर्यंत नेलं.

"पुढच्या वरातीतही हेच वाजवीन," मी काकांना सांगितलं.

मांडवामागे बसून मी क्लॅरिनेट पुसायला घेतली. तोंडात धरायच्या टोकाला वेताची पातळ पत्ती असते. वाजवून झाल्यावर ती थुंकीनं चिंब होते, म्हणून काढून पुसावी लागते.

मी पत्ती काढली. ती कोरडी ठणठणीत होती.