दीडशे कोंबड्या आणि एक आळ

"चोर माझ्या फार्मवरच आहे. मला फक्त पुरावा हवाय!" मुरलीधर देवधरांनी जयपूरच्या सी-स्कीम भागातल्या कौमुदीच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं.

विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमेरजवळ दीडशे कोंबड्या पाळल्या होत्या. दिवाळीपासून अंडी निम्म्यावर आली, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटून खाऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं कमी पडताहेत. झालं! राखणीला असलेली मीराबाई खाद्य चोरून विकते, असा निकाल देवधरांनी देऊन टाकला. वर खाद्याच्या दुकानात चार लोकांदेखत तिला चोर म्हणून आले. आता पोलिसांत जायचं म्हणत होते.

"दोन दिवस थांबा, काका," कौमुदी म्हणाली. ती जयपुरातच वाढलेली, शोधाच्या कामात मुरलेली. तिचा कामातला जोडीदार निनाद सांगलीचा. मनाने चांगला, पण भारी उतावळा.

"केस तर सरळ आहे," तो जिना उतरताना म्हणाला. कौमुदी नुसती हसली.

खाद्यवाले दर्शनजी वैतागलेलेच होते. "माझ्या मालात सतरा टक्के प्रथिनं आहेत, मॅडम. उलट साहेबांची खरेदीच कमी झालीय. पोतं तीन दिवसांत संपायचं, आता पाच दिवस पुरतं."

फार्मवर कौमुदीने पोत्यातला आणि कोंबड्यांच्या भांड्यातला खाद्याचा भरडा दोन पुड्यांत बांधून तपासायला पाठवला. मग ती कोंबड्या काट्यावर ठेवू लागली. निनादने मीराबाईला गाठलं.

"खाद्य कुणाला विकलंस?"

"किसी को नहीं, भैया. सकाळी साहेब फिरून येतात ना, तेव्हा कोंबड्या..."

"विचारलं तेवढंच सांग!"

मीराबाई झाडू उचलून अंगण झाडायला लागली. पलीकडून कौमुदी म्हणाली, "वजन तर चांगलंच भरतंय यांचं."

फार्मला लागूनच देवधरांचं घर. व्हरांड्यात ज्वारीचं उघडं पोतं होतं.

"कबुतरांचं," ते म्हणाले. "जयपूरला आल्यापासूनचा नेम. पण गच्चीवर घाण होते म्हणून शेजारी भांडला. दिवाळीपासून गच्ची बंद."

दोन दिवसांनी त्याच व्हरांड्यात कौमुदीने तपासणीचे कागद पुढे ठेवले.

"दोन्ही पुड्यांत सतरा टक्के. मतलब, भेसळ नाही. चोरी असती तर पोतं लवकर संपलं असतं, इथे ते उरतंय. उपाशी कोंबडी वाळते, ह्या तर लठ्ठ झाल्यात. त्यांचं पोट दुसऱ्याच कशाने तरी भरतंय. काका, गच्ची बंद झाली, मग ही ज्वारी कुणासाठी?"

देवधरांचा चेहरा उतरला. "फिरून आलो की कोंबड्यांच्या अंगणात टाकतो. पाच-सहा किलो. पक्षी ते पक्षीच की! नेम मोडवेना."

"ज्वारीत प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास. दाण्यांनी पोट भरल्यावर भरड्याला तोंड कोण लावणार? मग अंडी कुठून येणार, आणि पिसं कशी टिकणार?"

"अरे देवा! मीराबाई दोनदा म्हणाली होती, साहेब, दाणे कमी टाका. मी म्हटलं, मला शिकवू नकोस." त्यांनी ज्वारीच्या पोत्याचं तोंड बांधून टाकलं. "काय करून बसलो मी!"

निनादला मीराबाईचं अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं. परवा ती हेच सांगत होती, आणि आपण तिला बोलू दिलं नाही. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

त्याच दुपारी देवधरांनी मीराबाईला दर्शनजींच्या दुकानात नेलं. गिऱ्हाइकं होती, हमाल होते. हात जोडून ते मोठ्याने म्हणाले, "चोरी झालीच नव्हती. चूक माझी होती. मीराबाई, मला माफ कर."

"माझंही चुकलं, ताई," निनाद कसंबसं बोलला.

मीराबाईने मान हलवली. "माफ किया."

"मग उद्याही येशील ना कामाला?"

"नाही, साहेब." ती शांतपणे म्हणाली. "पोतं उघडताना तुम्ही माझ्या हातांकडे बघाल. नाही बघितलंत, तरी मला वाटेलच की बघताय."

तिने फार्मच्या किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या आणि ती पायऱ्या उतरून गेली.