फोडणीशिवाय

चर्चच्या मागच्या खोलीत प्रभुभोजनाचे, म्हणजे द्राक्षरसाचे चिमुकले पेले ताटात मांडता मांडता सलोमीबाई भिंगारदिवे थांबल्या. फोन पुन्हा थरथरला होता. चार लाख ऐंशी हजार लोकांनी त्यांची चित्रफीत पाहिली होती.

करामत सारी फोडणीची! ‘चावडी’ या ॲपमधली ही सोय आता बेलपिंपरीत घरोघरी होती. आपण साधं वाक्य लिहायचं, फोडणी ते असं चरचरीत करून द्यायची की वाचणाऱ्याचं डोकंच सणकावं. शिवाय पाठवण्याआधी पोच-अंदाज सांगायची, म्हणजे किती लोक बघतील तो आकडा. पोरीच्या साखरपुड्याची बातमीसुद्धा आता कोणी फोडणीशिवाय टाकत नव्हतं.

सलोमीबाई दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. तोंडाने फटकळ, पण खोट्याची भयंकर चीड. दहा दिवसांपूर्वी आवाज आला म्हणून त्या दारात आल्या, तर समोर दफनभूमीच्या फाटकावरचा लोखंडी क्रूस पाण्याचा टँकर चालवणारा बाजीराव खेमनर केबिनमध्ये कोंबत होता. ही हिंमत! त्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यात पन्नास सेकंदांचं चित्रण झालं होतं. ते न बघताच त्यांनी फोडणीच्या हवाली केलं. तिने त्यातली नेमके नऊ सेकंद उचलले आणि वर मथळा दिला, ‘आमचा क्रूस उपटून नेला, आणि गाव गप्प!’

बाजीरावला तीन गावांनी वेशीवरच अडवलं. ठेकेदाराने टँकरची चावी काढून घेतली.

आज सकाळी त्यांनी फोनमधली अडगळ काढायला घेतली, तेव्हा ते पन्नास सेकंद पहिल्यांदा पूर्ण बघितले. वाऱ्याने क्रूस पडून भर रस्त्यात आडवा झालेला. टँकर थांबला. बाजीराव उतरला, कडेला चपला काढल्या, अनवाणी गेला आणि दोन्ही हातांनी क्रूस उचलला. मग लांब क्रूस केबिनमध्ये मावेना म्हणून तो पाय रोवून आत ढकलू लागला. फोडणीने एवढंच ठेवलं होतं. ‘वाऱ्याने पडला होता, वेल्डिंगला दिलाय,’ असं त्याने त्याच दिवशी चावडीवर लिहिलंही होतं. ते अकरा जणांनी वाचलं होतं.

आपण हे काय करून बसलो!

“घंटा झाली, बाई. ताट घ्या,” चर्चचे धर्मगुरू शांतवन पाळक आत येत म्हणाले.

“आज ताट दुसऱ्या कोणाला द्या, पाळकसाहेब.”

चर्चच्या या मंडळीत जुना दंडक होता. ज्याने कोणाला दुखावलंय त्याने आधी त्याच्या दारी जाऊन यायचं, मगच पेल्याला हात लावायचा. मंडळीच्या पंच म्हणून सलोमीबाईंनीच तो कितीजणांना ऐकवला होता. त्यांनी पूर्ण चित्रफीत पाळकांसमोर धरली. ती बघून पाळक खाली बसले.

“उपासना झाल्यावर जा ना,” ते हळूच म्हणाले. “आज बाहेरगावचे लोक आलेत, तुमच्यामुळे. पहिल्यांदाच कोणी आपलं ऐकतंय. हे खोटं ठरलं तर पुन्हा कोण विश्वास ठेवील आपल्यावर?”

“आणि खोट्यावर ठेवलेला विश्वास घेऊन काय करायचं? प्रभूला काय तोंड दाखवायचं?”

पाळकांनी स्वतःच ताट उचललं. “जा. मी सांगतो सगळ्यांना.”

चर्चच्या फाटकाशी उभं राहून सलोमीबाईंनी लिहिलं, ‘मी चुकले. बाजीरावने पडलेला क्रूस जपून उचलला. पूर्ण चित्रफीत बघा.’ पोच-अंदाज आला तीनशे बारा. लगेच फोडणी पुढे सरसावली: ‘मंडळीनेच मला खोटं बोलायला लावलं, असं लिहा. सहा लाख.’

क्षणभर त्यांचं बोट अडलं. सहा लाख लोकांना कळेल, बाजीराव सुटेल!

“मर मेले!” त्या फोनवरच खेकसल्या. एक आळ पुसायला दुसरा घ्यायचा? त्यांनी आपलं साधं वाक्यच पाठवून दिलं.

बाजीराव आपल्या घराच्या ओट्यावर बसला होता. शेजारी भिंतीला क्रूस टेकवलेला, जोड पक्का झालेला, वर ताजा काळा रंग.

“नर्सबाई, तुम्ही?” तो उठला नाही.

“बाजीराव, मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. न बघता. माफी मागायला आलेय.”

“माझ्या पोरांना पहिली लस तुम्ही टोचली. एकदा विचारायचं तरी होतं.”

“विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. डोळे भरून आले, पण आवाज ठाम होता. “आता ऊठ. आधी ठेकेदाराकडे जाऊ. मग मी टँकरवर तुझ्याशेजारी बसते. तिन्ही गावांच्या वेशीवर उतरून सांगते, चूक माझी आहे.”

“लोक तुम्हालाच शिव्या देतील.”

“देऊ देत. त्या माझ्याच आहेत, तू फुकट खाल्ल्यास.”

बाजीरावच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. “त्याआधी हा फाटकापाशी पोचवू,” म्हणत तो उठला, चपला काढून ठेवल्या आणि क्रूसाचं एक टोक धरलं. दुसरं सलोमीबाईंनी उचललं.

“तीन गावं होतील, नर्सबाई,” चालता चालता तो म्हणाला. “पण ते चार लाख ऐंशी हजार? त्यांच्या दारी कोण जाणार?”