मढच्या धक्क्यावरून काढलेला फोटो

ते आमच्या पिंटूच्या लग्नाचं वर्ष. पिंटू माझा धाकटा. जानेवारीत त्याची हळद झाली, आमचं निम्मं वेसावं गाव दारात नाचलं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी फोटोंचा अल्बम घरी आला. अल्बम कसला, पाटच. माझी नात पूर्वी, थोरल्याची मुलगी, तो मांडीवर घेऊन बसली आणि पानं उलटता उलटता थांबली.

"आजोबा, आजी कुठाय?"

होती. करवल्यांच्या मागे अर्धी, बँडवाल्याच्या ढोलाआड पाऊण. नवऱ्यामुलाची आई असून एका फोटोत नुसता तिचा हातच होता, बांगड्यांवरून ओळखला.

आमच्याकडे म्हातारं माणूस एकट्याचा फोटो काढून घेत नाही. एकट्याचा फोटो म्हणजे भिंतीवरचा, हाराखालचा. चारचौघांत उभं राहायला कुणाची ना नसते. त्यामुळे माणूस गेलं की घरचे एखाद्या लग्नाच्या फोटोतून त्याचं तोंड कापून मोठं करून आणतात. माझ्या आईच्या तसबिरीत तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, मनगटापर्यंतच. शेजारच्या काशीरामच्या बापाच्या कानाला परक्या माणसाचा फेटा चिकटलाय. माणूस गेल्यावर त्याच्या वाट्याला स्वतःची चौकटसुद्धा येत नाही.

मला बायकोची, कमळची, एक पूर्ण तसबीर हवी होती. ती समोर असताना, तिची तिची.

"रोज मना बघता ना?" कमळ म्हणाली. "मग फोटू कशाला पाहिजे?"

पूर्वीने मात्र मनावर घेतलं. तिने नुकताच कॅमेरा घेतला होता आणि त्याला माणसांच्या चेहऱ्यांसाठी पहिली चांगली लेन्स घ्यायची होती. लग्नापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. जेवताना लेन्स, दात घासताना लेन्स. तिचा तो उत्साह मलाही लागला. तरुणपणी नवीन इंजिन बघायला ससून डॉकला जायचो, तसाच मी तिच्याबरोबर अंधेरीला गेलो.

दुकान कृणालचं, पूर्वीचा कॉलेजातला मित्र. त्याने काचेवर दोन लेन्स ठेवल्या. एक बुटकी, एक जाडजूड. अक्षरं मी साठीनंतर शिकलो, पण आकडे आधीपासून येत होते. एकीवर पन्नास मिलिमीटर, दुसरीवर पंच्याऐंशी.

"पन्नास घे, यार," कृणाल म्हणाला. "पहिली सगळे पन्नासच घेतात. छोट्या खोलीत पण चालते."

"पण पंच्याऐंशीने मागचं कसलं झकास विरघळतं!"

"मग मागे सरकायला जागा लागेल. तुमच्या घरात भिंत फोडणार?"

मी म्हटलं, "पंच्याऐंशी घे."

दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, त्यात काय कळायचंय? जाळ्याची आस, म्हणजे भोकाचं माप, मिलिमीटरमध्येच असतं. पन्नासच्या जाळ्यात सगळं येतं, कोळंबी, कचरा, शेवाळ. पंच्याऐंशीतून बारीकसारीक निसटून जातं, मोठी मासळी तेवढी राहते. आपल्याला एकटी आजी पाहिजे ना?

पूर्वी हसून हसून स्टुलावर बसली. "आजोबा, मापाची वाट लावलीत. पण उत्तर बरोबर आहे!"

कृणालने दोन्ही लेन्स एक दिवस वापरायला दिल्या. "आजीवर ट्राय कर. आवडेल ती ठेव."

शनिवारी सकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो. आमच्या होड्या लागतात तिथे बोंबील सुकवायच्या बांबूंच्या रांगा आहेत. त्यांच्या सावलीत कमळ बुटक्या पाटावर बसली होती, पाठ खांबाला टेकलेली, पुढ्यात टोपली. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हे काम ती न बघता करायची. त्या दिवशी तिने पाठ धरलीय अशी तक्रार केली होती, पण घरी बसायला तयार नव्हती.

कॅमेरा बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या. "आली काय भवानी!"

"एकच, आजी. प्लीज ना."

"तोंडासमोर नको. काढायचा तर लांबून काढ. लांबून काढलेला कुणाचा, ते देवाला पण कळायचं नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुमी पण जा तिच्यासंगती. डोक्यावर उभं राहू नका."

पूर्वीला तेच हवं होतं. तिने जाडी लेन्स लावली आणि तिसऱ्या रांगेपाशी जाऊन पहिला फोटो काढला.

"आजोबा! बघा, बघा!"

मी पडद्यावर बघितलं. कमळ, खांद्यापासून वर. कपाळावरचं गोंदण, डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्या, अबोलीची वेणी. मागचे हजारो बोंबील वितळून नुसती चांदी झाली होती. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे असं बघितलं नव्हतं.

"अजून मागे जाते," पूर्वी म्हणाली. "हात पण येऊ देत."

ती दहाएक पावलं मागे गेली. फोटो काढला, पडद्यावर बघितला, पुन्हा मागे गेली. हात आले नाहीत. चेहरा तेवढाच, खांद्यापासून वर.

"मघाचाच बघतेयस," मी म्हटलं.

"नाही ओ. मागचं बघा ना, होडी आलीय."

खरंच निळी होडी आली होती, धुरकट. चेहरा मात्र तेवढाच.

"जवळ ओढायचं बटण दाबलं असशील."

"हिला झूम नाहीच, आजोबा. ही एकाच मापाची असते." तिचे गाल लाल झाले होते. "कसली भारी लेन्स आहे!"

आम्ही वाळूच्या टोकापर्यंत गेलो. तिथून कमळ म्हणजे नारिंगी लुगड्याचा ठिपका. माझी नजर पाण्यावर तयार झालेली आहे, अंतर मला कळतं. पूर्वीने फोटो काढला. पडद्यावर कमळच्या पापण्यांचे केस मोजता आले असते.

मग तिने मला कमळपासून दोन हातांवरच्या खांबाशी उभं राहायला पाठवलं. मी गेलो. कमळ मान खाली घालून बसली होती, हात टोपलीत. मी तिला काही बोललो नाही, नाहीतर पुन्हा डोक्यावर उभा राहिलो म्हणाली असती. पूर्वीने दुरूनच हात हलवला, तसा परत आलो. माझा फोटो आला होता काडीएवढा.

"आता आजीचा," पूर्वी म्हणाली, आणि तिथूनच काढला. कमळचा चेहरा, चौकट भरून.

"कमाल आहे ना?" ती नाचायलाच लागली. मीही हसत होतो, खोटं कशाला सांगू? मग तिने पन्नासची लेन्स लावून बघितलं. त्यात बांबू आले, वाळू आली, झोपलेला कुत्रा आला, आणि लांब कोपऱ्यात कमळ, एवढीशी, मान खाली घातलेली. जशी होती तशी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जाड्या लेन्सच्या सगळ्या फोटोंत ती समोर बघत होती.

"पूर्वी, तिने मान वर केलेली तू बघितलीस?"

"आजी चालू आहे. मी क्लिक करते तेव्हाच बरोबर बघत असणार." ती थांबली. मग तिचे डोळे चमकले. "आजोबा, मढवरून ट्राय करू या?"

मढ म्हणजे खाडीच्या पलीकडे. फेरीबोट लागलेलीच होती. स्कूटरवाल्यांच्या गर्दीत आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे कठड्याला चिकटून उभे राहिलो. पूर्वी म्हणाली, ही लेन्स ती परत देणार नाही. वेसाव्यातल्या एकेका म्हाताऱ्याचा फोटो काढणार, कुणाच्या खांद्यावर कुणाचा तुटका हात राहू देणार नाही. मी म्हटलं, आधी काशीरामचा काढ, तो हो म्हणाला तर तू जिंकलीस.

मढच्या धक्क्यावरून वेसावं म्हणजे रंगीत खडे पसरल्यासारखं. माणूस दिसत नाही. बांबूंच्या रांगा मी नुसत्या अंदाजाने दाखवल्या.

पूर्वीने कॅमेरा डोळ्याला लावला.

तिने बटण दाबलं नाही. हसलीही नाही.

"काय झालं गं?"

"आजोबा, आजी जवळ आलीय."

मी कॅमेरा घेतला. खांदे आता चौकटीत मावत नव्हते. कपाळ, डोळे, नाक, ओठ. मागे चांदी नव्हती, कसलाच रंग नव्हता.

कमळ माझ्याकडे बघत होती.

मग तिचे ओठ हलले. मी होडीवर आणि ती धक्क्यावर, असं आम्ही उभ्या जन्मात इंजिनांच्या आवाजात बोललोय. तिचे ओठ मला वाचता येतात.

ती म्हणाली, "झालं काय तुमचं?"

माझ्या बोटाखाली बटण दाबलं गेलं.

पूर्वीचा फोन वाजला. तिची आई, माझी सून नमिता. पूर्वीने ऐकलं. मग तिने फोन माझ्याकडे दिला.

"बाबा, लवकर या," नमिता म्हणाली. "आईंना जेवायला बोलवायला आले, तर उठत नाहीत ओ. अंग गार लागतंय."

परतीच्या बोटीत आम्ही दोघं कठड्याजवळ गेलो नाही.

डॉक्टर आले, त्यांनी हात बघितला, पापणी उघडून बघितली. त्यांनी विचारलं, शेवटचं बोलणं कधी झालं? मी म्हटलं, सकाळी, लांबून काढ म्हणाली तेव्हा. ते म्हणाले, त्यानंतर लगेच गेल्या असणार, बसल्या जागी. टोपलीत एकच जोडी अर्धवट अडकवलेली होती.

लेन्स पूर्वीने परत दिली. मी काढलेला फोटो मात्र मी मोठा करून घेतला. त्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही, कुणाचा फेटा नाही. त्यात तिचं तोंड किंचित उघडं आहे.

माझी बायको कमळ शिमग्यानंतरच्या शनिवारी, अकरा मार्च दोन हजार तेवीसला, सकाळी वारली. फोटो त्याच दिवशी दुपारचा आहे.