मधला भाग कंटाळवाणा

मॅनेजर जिन्याच्या पायथ्याशी पडला होता, आणि आत सिनेमा चालूच होता.

डोक्याखाली रक्त साचलं होतं. शेजारी एक अनोळखी बाई गुडघ्यांवर बसून "अहो, कुणीतरी या!" म्हणून ओरडत होती. कॅन्टीनवाला हातातला कप तसाच टाकून धावत आला. त्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं, मग त्या बाईच्या लाल झालेल्या हातांकडे, आणि चार पावलं मागे सरून पोलिसांना फोन लावला.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तेव्हा मॅनेजरला हॉस्पिटलात नेलं होतं. श्वास होता, शुद्ध नव्हती. पडद्यावर मात्र अजून धुडगूस चालला होता. ऑपरेटर रजेवर होता, यंत्र मॅनेजरनेच सुरू केलेलं, आणि ते बंद कसं करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना सिनेमाचा भारी तिटकारा. अंधारात बसून लोकांची भांडणं बघायची तर ठाण्यात फुकट दिसतात, असं त्यांचं मत होतं. नाइलाजाने त्या सिनेमा संपायची वाट बघत जिना तपासत राहिल्या.

जिना अरुंद आणि उभा होता. वर डाव्या हाताला मॅनेजरचं ऑफिस. उजव्या हाताला हॉलच्या शेवटच्या रांगेचं दार, त्यावर जाड पडदा. खाली कॅन्टीन.

दुपारच्या खेळाला प्रेक्षक चारच होते. दर आठवड्याला एकत्र सिनेमा बघणारं हे टोळकं. दातांचे डॉक्टर, शिवणकाम करणाऱ्या काकू, व्हायोलिन शिकवणारे मास्तर आणि मास्तरांची भाची. डॉक्टर आणि काकू पुढे बसत. मास्तरांची दृष्टी बरीच वर्षं झाली गेलेली, त्यामुळे ते भाचीबरोबर शेवटच्या रांगेत बसत. पडद्यावर काय दिसतंय ते ती त्यांच्या कानात हळू आवाजात सांगायची. बोलणं त्यांना ऐकू येई, दिसणारं ती पुरवी.

चौघं हसत बाहेर आले आणि पोलिसांना बघून जागच्या जागी थबकले.

"मधे कुणी उठलं होतं?" बाईंनी विचारलं.

"छे हो," डॉक्टर म्हणाले. "या सिनेमाला कोण उठेल?"

"तुम्ही?" त्यांनी भाचीला विचारलं.

"मामांना एकटं सोडून मी कुठे जाणार?"

मास्तरांनी मान डोलावली. "इथल्या खुर्च्या माणूस उठला की फाडकन मिटतात, मॅडम. अख्ख्या हॉलला कळतं. माझ्या शेजारची खुर्ची वाजली नाही. माझे कान अजून शाबूत आहेत."

म्हणजे उरली ती अनोळखी बाई. हात रक्ताने माखलेले, आणि जिन्याशी तिच्याखेरीज कुणी नाही. ठाण्यात तिला समोर बसवून बाईंनी सुरुवात केली.

"थिएटरात कशाला आला होतात?"

"मॅनेजरनी बोलावलं होतं. सिनेमा संपल्यावर माझी एका माणसाशी भेट घालून देणार होते."

"कोणाशी?"

"बाबांशी. मास्तर माझे वडील आहेत."

इन्स्पेक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"वडिलांना भेटायला मध्यस्थ लागतो?"

"तरुणपणी भांडून घर सोडलं होतं मी. दोघंही हट्टी. नंतर कळलं, त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून फोन करतेय. दर वेळी भाची उचलते आणि सांगते, मामांना तुझं नावही ऐकायचं नाही. शेवटी थिएटरला फोन केला. बाबा तिथे नेमाने जातात हे माहीत होतं. मॅनेजर भले माणूस निघाले."

"तुम्ही नेमकं काय ऐकलंत?"

"कॅन्टीनच्या बाकावर बसले होते. कॅन्टीनवाले आत कप विसळत होते, नळाचा आवाज येत होता. हॉलमध्ये तोवर सिनेमातली बोलणी चालली होती, ती थांबली होती. नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज आणि कुणाची तरी धाप. त्यातच जिन्यावर धडधड झाली. मी धावले. त्यांचं डोकं उचलून धरलं. हाका मारल्या, तर आत एकदम बँड, ढोल, काय काय सुरू झालं. माझा आवाज कुणाला जाणार?"

खरं सांगत असावी, असं बाईंना वाटलं. पण वाटण्यावर कोर्ट चालत नाही. साहेबांचा निरोप तर आधीच आला होता, उद्या तिला कोर्टापुढे उभी करा.

बाई मास्तरांच्या घरी गेल्या. मुलगी कोठडीत आहे हे ऐकून म्हातारा खुर्चीत मागे टेकला. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "असेलही तिने केलं. एवढ्या वर्षांत एक फोन नाही. तिच्याकडून मी आता कशाचीच अपेक्षा ठेवत नाही."

भाचीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, त्रास करून घेऊ नका."

एक म्हणते सतत फोन केले, दुसरा म्हणतो एकही आला नाही. फोन उचलणारी मात्र एकच. बाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

वाटेत त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरल्या. "सिनेमात ढोल-बँड कधी सुरू होतो?"

"तळघरातला पाठलाग संपतो तेव्हा. पण मला विचारण्यापेक्षा हे ऐका ना!" डॉक्टरांनी उत्साहाने फोन काढला. "आमचा एक नियम आहे. सिनेमा संपला की खुर्चीतून उठायच्या आत आपापलं मत फोनवर बोलून पाठवायचं. एकमेकांशी चर्चा बंद. नाहीतर काकू माझी मतं ढापतात."

"भाचीही पाठवते?"

"ती नाही. मास्तरांचं तेच तिचं."

पहिला आवाज डॉक्टरांचाच. "दहापैकी नऊ! तळघरातल्या पाण्यातून तो हात बाहेर आला तेव्हा माझी दातखीळ बसली. आता ती उघडायला माझ्याशिवाय आहे कोण इथे?"

मग काकू. "बरा आहे, पण ती हिरॉईन तळघरात कमरेपर्यंत भिजते आणि बाहेर येते तेव्हा कोट कोरडा ठणठणीत! शिवला कुणी, वाळवला कुणी? त्या हाताच्या वेळी मात्र मी पदर तोंडात कोंबला, खोटं कशाला बोलू."

मग मास्तर, सावकाश, चवीने. "सुरुवात छान, शेवट छान. मधला भाग कंटाळवाणा. नुसतं पाणी ठिबकतंय, कोणीतरी धापा टाकतंय. दिग्दर्शकाला तिथे डुलकी लागली असावी. मलाही लागणार होती. पाच गुण."

बाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा एकदा.

"मास्तरांचं असंच असतं," डॉक्टर हसले. "मागे तो घर सोडून गेलेल्या मुलीचा सिनेमा होता. शेवटी ती दारात उभी राहून रडते. काकूंचे दोन रुमाल भिजले. आणि मास्तर काय म्हणाले, तर मुलगी निर्लज्ज आहे, दारातूनच कपाटं न्याहाळते, काय काय उचलता येईल ते बघते! आम्ही म्हटलं, मास्तर, तुम्ही कुठला सिनेमा बघून आलात?"

"त्या शेवटात संवाद आहेत?"

"एकही नाही. नुसता चेहरा."

डॉक्टर अजून हसत होते. बाईंना हसू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही मॅनेजरला शुद्ध आली नव्हती. बाईंनी साहेबांकडून दुपारपर्यंतची मुदत मागून घेतली, ऑपरेटरला रजेवरून बोलावलं आणि टोळक्याला थिएटरात आणलं. मास्तर आणि भाची शेवटच्या रांगेत, नेहमीच्याच जागी. भाचीच्या खांद्याला नेहमीची जाडजूड पिशवी होती, मास्तरांचं पाणी, औषधं, स्वेटर. कॅन्टीनवाला दाराशी. मास्तरांची मुलगी हवालदाराबरोबर दाराच्या पडद्याआड उभी होती, आणि ती तिथे आहे हे मास्तरांना ठाऊक नव्हतं.

"मधला भाग लावा," बाईंनी ऑपरेटरला सांगितलं. "आणि ताई, तुम्ही नेहमीसारखं मामांना सांगा."

भाचीने ओठ आवळले. पण सवय मोठी वाईट. तळघर दिसलं आणि ती कुजबुजू लागली. "पाणी भरलंय... ती भिंतीला धरून चाललीय. हातात मेणबत्ती. मागे दार आपोआप लागलं. त्याला कळलंय ती इथेच आहे."

मास्तर पुढे झुकले. "अगं, हे तर भयंकर आहे! काल का नाही सांगितलंस?"

भाची पडद्याकडे बघत राहिली. पडद्यावर पाणी स्थिर झालं. पुढच्या रांगेत डॉक्टरांनी मान फिरवली. काकूंनी आधीच डोळे गच्च मिटून घेतले.

पाण्यातून हात बाहेर आला.

भाची किंचाळली. अख्खा हॉल दणाणला.

"बंद करा," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या.

चित्र थांबलं. बाई जिना उतरल्यासारख्या सावकाश रांगेशी आल्या.

"डॉक्टरांना आणि काकूंना माहीत होतं की आता हात येणार. त्यांनी हा भाग पाहिलाय. तुम्ही आज पहिल्यांदा पाहिलात, ताई. काल या वेळी तुम्ही इथे नव्हतात."

"मी दचकते पटकन..."

"मास्तरांना कंटाळा का आला? कारण कानात सांगणारं कुणी नव्हतं. मास्तर, बोलणी थांबली तेव्हा ही काय म्हणाली तुम्हाला?"

म्हाताऱ्याचा आवाज बारीक झाला. "म्हणाली... मामा, इथे सांगण्यासारखं काही नाही. नुसतं ऐका. पण खुर्ची, मॅडम. खुर्ची वाजली नव्हती."

बाईंनी भाचीला उभं केलं, आणि ती उठता उठता पिशवी खुर्चीवर सरकवली. खुर्ची उघडीच राहिली. एवढासाही आवाज झाला नाही.

"याच पाणी ठिबकण्याच्या वेळी मॅनेजर जिन्यावरून पडला. तसं तुमच्या मुलीने सांगितलं. ती खाली होती, ढकलणारं वर होतं. आणि या पडद्यामागच्या दारातून जिन्याच्या तोंडाशी जायला चार पावलं लागतात. डॉक्टर आणि काकू आपापल्या मतांतून हजेरी लावून बसलेत. उरलं कोण?"

"मी त्यांना का ढकलीन?" भाचीचा आवाज चिरकला.

"मॅनेजरने तुम्हाला सांगितलं होतं ना, सिनेमा संपला की मास्तरांना ऑफिसात आणा, मुलगी आलीय?"

तिने नजर पिशवीकडे वळवली.

"फोन तुम्ही दडवलेत. तेवढ्याने भागेना म्हणून सिनेमेही बदललेत. बोलणं बदलता येत नव्हतं, दिसणारं बदललंत. रडणारी मुलगी यांच्या कानात चोरटी झाली. मॅनेजरला निदान फोनचं सगळं सांगायचं होतं यांना."

भाची मटकन खाली बसली, पिशवीवरच.

"मी विनवलं त्यांना," ती म्हणाली. "एवढी वर्षं मी केलं सगळं. जेवण, औषधं, सिनेमे. ती आली की मी कोण? ते म्हणाले, तुम्हाला काही कमी पडणार नाही, पण आज मास्तरांना खरं कळायलाच हवं. आणि जिना उतरायला वळले. मी फक्त त्यांना थांबवायला..." तिने मास्तरांचा हात धरला. "मामा, मी तुम्हाला एकदाही एकटं पाडलं नाही हो."

मास्तरांनी हात सोडवून घेतला नाही. नुसता सैल सोडला. तेवढ्याने ती हुंदके देऊ लागली. खरं म्हणजे तिची कीवही येत होती, पण जिन्यावरचं रक्त कीव केल्याने पुसलं जात नाही. हवालदार तिला घेऊन गेला. डॉक्टर आणि काकू मान खाली घालून बाहेर पडले.

मास्तर एकटेच बसून राहिले. म्हाताऱ्याचा चेहरा पाहवत नव्हता. दोन्ही हात मांडीवर, काय धरावं हे न कळल्यासारखे.

"सगळे सिनेमे?" त्यांनी विचारलं. "की थोडेच?"

"ते मला सांगता येणार नाही, मास्तर," बाई म्हणाल्या.

दारावरचा पडदा सरकला. मुलगी आत आली आणि दोन खुर्च्या सोडून उभी राहिली. पावलं ऐकून मास्तरांनी मान वळवली.

"बाबा."

कॅन्टीनवाला हळूच खाली निघून गेला होता. बाहेर कॅन्टीनमध्ये कप वाजत होते.

"फोन केला होतास?"

"दर महिन्याला."

मास्तरांनी शेजारच्या खुर्चीवर चाचपडून हात थोपटला. ती बसली. त्यांनी जे विचारलं ते इतक्या हळू विचारलं की बाईंनाही कान द्यावा लागला.

"मी तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तू वेणी घालायचीस. आता कशी दिसतेस, ते सांग. आणि जे आहे तेच सांग."

मुलीने डोळे पुसले. "वेणी नाही आता. केस पिकलेत, बाबा. कपाळावर आठ्या आहेत. नाक तुमच्यावर गेलंय, ते काही बदललं नाही. जाड झालेय बरीच."

"आणखी?"

"आणखी रडतेय."

"ते ऐकू येतंय मला," मास्तर म्हणाले, आणि बोटांनी तिचा चेहरा शोधू लागले.