नकाशाला दिलेले सहा गुण

"जरा बाजूला होता का? तुम्ही माझ्या व्हॉल्व्हवर उभे आहात."

भर रस्त्यात, सकाळी साडेदहाला, एका अनोळखी माणसाला मी हे म्हणाले. त्याच्या पायाखाली खरोखरच पाण्याच्या व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण होतं. माझ्या मोबाइलवर नकाशा उघडा होता आणि त्यातला निळा ठिपका बरोब्बर त्याच्या बुटांखाली होता.

त्यानं आधी झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे… मग स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. त्याच्याही नकाशावर तोच ठिपका!

"तुमचा?" तो म्हणाला. "मला वाटलं, शहराचा आहे."

"शहराचाच. पण सांभाळते मी."

"मग उद्यापासून मीही तुमच्याच ताब्यात. हजर उद्या व्हायचंय, पण म्हटलं आधी जागा बघून घ्यावी."

तो हसला आणि चष्मा घसरला. मोबाइलच्या कोपऱ्यानंच त्यानं तो वर सरकवला. मी उगाचच झाकणाचा फोटो काढला. दोनदा.

मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे सांभाळते. आम्हाला एक पोर्टल करायचं होतं – घरबसल्या नकाशा उघडायचा, आपल्या गल्लीवर बोट ठेवायचं, की पाणी कधी येणार, पाइप कुठे फुटलाय ते दिसेल. तिथूनच तक्रारही करता येईल. त्यासाठी निवडीत शेवटी दोन सॉफ्टवेअर उरली होती. एक तयार कपड्यासारखं, अंगावर चढवलं की झालं. दुसरं मापाचं शिवून घ्यायचं, आणि शिवणारी कंपनी ह्या चष्मेवाल्याची. तीन आठवडे दोन्ही वापरून बघायची आणि निवड मी करायची. "तुम्ही सांगाल ते घेऊ," असं म्हणून साहेब मोकळे झाले होते. दुसरं निवडलं, तर तो सहा महिने इथे राहणार. पहिलं निवडलं, तर तिसऱ्या शनिवारी आपल्या गावी परत. पहिल्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही. खोटं कशाला बोलू – थोडं वाटलं.

पहिल्याच आठवड्यात मी चौदाशे व्हॉल्व्हची यादी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली आणि शहर रिकामं! एकही ठिपका नाही. शोधत शोधत गेलो, तर सगळे ठिपके पार उत्तरेकडच्या बर्फाळ समुद्रात.

"तुमचं सॉफ्टवेअर बिघडलंय," मी कडाडले.

"बिघडलेलं नाही. तुम्ही अक्षांश आधी लिहिलेत. ह्याला रेखांश आधी लागतात." मग अगदी गंभीर चेहऱ्यानं, "आता तिथल्या माशांनी पाण्याची तक्रार केली, तर काय उत्तर द्यायचं?"

मी रागावणार होते. पण हसूच फुटलं, ते थांबेना. शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्क मावशींनी फाइलमधून मान वर काढली. "नकाशात एवढं हसण्यासारखं काय असतं गं?"

"काही नाही, मावशी."

"हं. तुझं 'काही नाही' फार वाढलंय हल्ली."

दुसऱ्या आठवड्यात तक्रारीचा फॉर्म तपासायचा होता. आम्ही खोट्या तक्रारी भरत होतो – नळाला हवा येते, पाणी गढूळ आहे. सतरावी तक्रार उघडली, तर लिहिलेलं… 'नकाशा छान आहे. पण नकाशेवाल्या बाई सकाळपासून बोललेल्या नाहीत.' मी समोर पाहिलं. तो एकाग्रतेनं कीबोर्ड पुसत होता. मी उत्तराच्या रकान्यात लिहिलं, 'तक्रार रास्त आहे. चहाच्या वेळी निकाली काढू.' त्याचे कान लाल झाले. मला ते कान फार आवडले, अगदी खरं सांगते.

तिसऱ्या आठवड्यात दोन्ही सॉफ्टवेअरची परीक्षा फोरमनकाकांकडे. तीस वर्षं व्हॉल्व्ह उघडणारा माणूस. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये ते शिडीनं उतरले, दोन्ही नकाशे मोबाइलवर घेऊन. खाली रेंज नाही. तयार सॉफ्टवेअरचा नकाशा आधीच साठवलेला होता, तो लगेच उघडला. दुसऱ्यात नुसता करडा चौकोन आणि गोल फिरणारं चाक…

काका वर आले, हात पुसले. "पोरी, पाइप फुटला की मी खाली असतो. खाली जे दिसतं, तेवढंच माझ्या कामाचं."

मी त्याच्याकडे वळले. "हे रेंजशिवाय चालायला किती दिवस लागतील?"

"पाच-सहा महिने," तो म्हणाला. जरासुद्धा लपवाछपवी नाही.

गुरुवारी दुपारी मी गुणांचा तक्ता घेऊन बसले. दहा मुद्दे, प्रत्येकाला दहापैकी गुण, पेन्सिलीनं. 'रेंज नसताना चालणं' इथे त्याच्या सॉफ्टवेअरला मी सहा दिले. बेरीज केली, तर ते दोन गुणांनी पुढे! मला इतका आनंद झाला… आणि पाठोपाठ तितकीच लाज वाटली. कमरेएवढ्या पाण्यात, करडा चौकोन हातात धरून उभे असलेले काका दिसायला लागले.

मी सहा खोडले. शून्य लिहिलं. पुन्हा बेरीज केली, पेनानं सही केली. डोळे भरून आले होते, पण पाणीपुरवठा खात्यात एवढं चालायचंच.

"आधी सहा होते वाटतं?"

तो पाठीमागेच उभा होता. त्यानं आपला कागद माझ्यापुढे ठेवला. कंपनीनं त्यालाही तोच तक्ता भरायला सांगितला होता. त्या रकान्यात शून्य होतं, शाईनं.

"कंपनी रागावेल ना?"

"रागावली. सकाळीच पाठवला मी." तो समोरच्या खुर्चीत बसला. "सॉफ्टवेअर माझं, तरी मी शून्य दिलं. मग तुम्ही सहा कशाबद्दल दिले होते?"

मी खोडरबराचा कचरा गोळा करत राहिले.

"बोला ना…"

"तुम्ही थांबावं म्हणून."

"सहाच?"

"दहा दिले असते. पण मावशी तपासणार होत्या."

तो हसायला लागला, आणि मध्येच थांबला. "सहा महिने थांबलो असतो ना, तर सहाही महिने नुसतं कामाचंच बोललो असतो. मी भित्रा आहे. आता कामाचं निमित्तच उरलं नाही, म्हणून सरळ सांगतो… तुम्ही मला फार आवडता. शनिवारी जातो. पुढच्या रविवारी परत येतो. येऊ?"

"किती तासांचा रस्ता आहे?"

"चार."

"चार तास, फक्त मला भेटायला?"

"छे," तो म्हणाला. "तुमच्या आईलाही."

मी उठले. तक्ता मावशींच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी बेरीज पाहिली, खोडलेली जागा पाहिली, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हणजे तयारवालं घेतलंस. बरोबर केलंस गं, पण… तो तर निघाला मग?"

"तो रविवारी घरी येतोय, मावशी," मी म्हणाले, अख्ख्या खात्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.